चांद्यातली बर्फाची तालीम

चंद्रपुरात, म्हणजे आमच्या चांद्यात, बर्फ दोन ठिकाणी मिळतो, रसवंतीवर आणि मासळीबाजारात. दोन्हीकडे तो पोत्यात गुंडाळलेला असतो आणि दोन्हीकडे त्याच्यावर चालायचा प्रसंग कोणावर येत नाही. समुद्रसपाटीपासून आमचं गाव जेमतेम दोनशे मीटर उंच. मे महिन्यात पारा ४६च्या वर गेला तरी आम्हाला त्यात बातमी दिसत नाही. बाहेरगावचे नातेवाईक फोन करून "तुमच्याकडे म्हणे फार तापलंय" असं विचारतात, तेव्हा आम्ही "हो, नेहमीचंच" म्हणतो, आणि त्या उत्तरात थोडा गर्वही असतो.

असल्या गावात माळ्यावर कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांशेजारी बर्फात घालायचे बूट, बुटांखाली बांधायचे लोखंडी दाते आणि पिसं भरलेलं जाकीट सापडलं, तर पाहुण्याला घरमालकाच्या प्रकृतीची काळजी वाटणं स्वाभाविक आहे. पण असे माळे आता आमच्याकडे बरेच झालेत. डिसेंबर उजाडला की चार डोकी एकत्र येतात, बल्लारशाहून दिल्लीकडची गाडी धरतात, पुढे देहरादून, तिथून दिवसभर घाटातली वळणं मोजत सांकरी, आणि मग १२,५०० फुटांवरचं केदारकंठा. येताना फोटो आणि फुटलेले ओठ घेऊन येतात. पुढच्या वर्षी परत जायचंच असं गाडीतच ठरतं, आणि मार्चमध्ये ऊन लागलं की त्या ठरावाला भलतंच बळ येतं.

अडचण एकच. सामान पारखायचं कुठे? मनालीच्या माणसाला सोपं आहे, दार उघडलं की प्रयोगशाळा. आमच्याकडे दार उघडलं की झळ. दुकानात जाकीट अंगावर चढवून आरशात पाहावं तर दोन मिनिटांत घामाची धार लागते आणि विक्रेता मोठ्या समाधानानं म्हणतो, "पाहा, गरम आहे ना!" त्या दुकानात बनियन घालूनही तेवढाच घाम आला असता, हे त्याला कोण सांगणार?

आमच्या गटात ही अडचण मनावर घेतली ती थर्मलवाल्यांनी. चंद्रपुरात थर्मल म्हणजे औष्णिक वीज केंद्र, २,९२० मेगावॉटचं. हे गृहस्थ तिथं बॉयलरकडे आहेत. ५४० अंशांच्या वाफेशी रोजचा व्यवहार असलेल्या माणसाला उणे दहाचं काय कौतुक, असं कोणालाही वाटेल. पण थर्मलवाल्यांचं म्हणणं वेगळं. "उष्णता कुठून पळते ते शोधून तिथं बूच मारायचं, याचाच पगार घेतो जी मी. बॉयलर असो की माणूस." नळ्यांवर जाड लोकरीसारखं वेष्टण गुंडाळतात, ते ऊब देत नाही, आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, आणि हे काम खरं तर त्या वेष्टणात अडकलेली हवाच करते. कपड्यांचंही तेच. अंगाला लागून घाम टिपणारा एक थर, त्यावर हवा धरून ठेवणारा दुसरा, सगळ्यांवरून वारा अडवणारा तिसरा. सुती कापड मात्र वर्ज्य, कारण ते घाम पितं आणि सोडत नाही. एवढं शास्त्र त्यांनी आम्हाला चहाच्या टपरीवर समजावलं आणि मग प्रयोगाला लागले.

पहिली प्रयोगशाळा ताडोबा. १९५५ पासूनचं हे राष्ट्रीय उद्यान लोक वाघासाठी पाहतात. थर्मलवाल्यांनी ते वाऱ्यासाठी पाहिलं. डिसेंबरात पहाटे मोहर्ली गेटकडे उघड्या जिप्सीतून जाताना जी थंडी वाजते तिला चंद्रपूर जिल्ह्यात तोड नाही. हवा दहा अंशांची असली आणि वारा ताशी ४० किलोमीटरनं अंगावर आला, तर कातडीला ती सहा अंशांची वाटते, हे हवामानशास्त्रातलं गणित त्यांना तोंडपाठ. म्हणून डाव्या हातात महागडा पर्वतारोहणाचा मोजा, उजव्यात गोलबाजारातला लोकरीचा. डाव्या पायात मेरिनो लोकर, उजव्यात नेहमीचं ॲक्रिलिक. मांडीवर ब्लँकेट घ्यायला ठाम नकार, कारण त्यानं निष्कर्ष बिघडतात. गेटच्या आत बऱ्याच वेळानं गाईडनं श्वास रोखून हळूच सांगितलं, "साहेब, उजवीकडं." थर्मलवाले म्हणाले, "उजवा केव्हाच गार पडला जी. डावा बरा आहे." मागच्या बाकावरची नागपूरची मंडळी त्या दिवशी वाघ पाहूनही नाराज परतली.

दुसरा प्रयोग स्वस्तातला. हिवाळ्यात मूल, सावली करत गडचिरोलीला मोटरसायकलनं रात्री जाणारी माणसं स्वेटरच्या आत छातीवर पेपर घालतात. हा शोध कोणाचा ते कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण वारा अडवण्यात त्या पेपराचा हात धरणारं जाकीट मी कमी पाहिलंय. थर्मलवाल्यांनी यातही प्रतवारी लावली. रविवारचा अंक पुरवणीसकट उत्तम. जाहिरातींचे गुळगुळीत कागद वारा चांगला अडवतात, पण आत घाम धरतो. शिवाय महागडं विंडचीटर गडचिरोलीला पोचल्यावर नुसतं खुंटीला टांगावं लागतं, पेपर वाचता येतो.

या संदर्भात एक जुनं औषध कोणीतरी सुचवतंच, म्हणून त्याचाही निकाल लावून टाकतो. मोहाची घेतली की थंडी वाजत नाही, असं म्हणतात. वाजत नाही हे खरं, कारण कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि अंगाला ऊब जाणवते. पण तीच ऊब भराभर बाहेर निघून जाते आणि आतला माणूस गार पडत जातो. बर्फात हा सौदा जिवावर बेततो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तेव्हा तिथं हा प्रयोग तसाही कागदोपत्री शक्य नाही.

पावसाळी कवचाची गोष्ट मात्र निघाली की मला हसू आवरत नाही. घाम बाहेर सोडणारं आणि पाणी आत न घेणारं कापड ही विज्ञानाची मोठी करामत. १९६९ साली बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक झटक्यानं ताणलं आणि त्याला पाण्याच्या थेंबापेक्षा लहान पण वाफेच्या कणापेक्षा मोठी अशी असंख्य भोकं पडली. पण वाफ बाहेर जायला बाहेर कोरडं लागतं. हिमालयात ते असतं. जुलैच्या चांद्यात बाहेरची हवाही आतल्यासारखीच ओली. भर रोवणीत, भाताच्या बांधीच्या धुऱ्यावर थर्मलवाले गळ्यापर्यंत साखळी ओढून उभे राहिले आणि पंधरा मिनिटांत आतून पाझरायला लागले. बांधीत पऱ्हे लावणाऱ्या बायांच्या डोक्यावर खताच्या गोणीची खोळ होती. पाठ झाकलेली, पुढून आणि खालून सगळं मोकळं. त्यांतली एक आजी कमरेतून सरळ होत म्हणाली, "कायले कोंडून घेतलं बाप्पा? हवा तं जाऊ दे!" महागड्या जाकिटांना काखेत साखळी देतात, चढताना ती उघडतात, ती नेमकी याच कारणानं. आजीची खोळ मात्र फुकटातली, आणि तिला साखळीची गरजच नव्हती.

आता सावरीच्या जाकिटाकडे वळतो. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण या जाकिटाच्या निमित्तानं मला फिंचसाहेब भेटले.

पिसांचं चांगलं जाकीट महाग. थर्मलवाल्यांच्या मनात आलं, आपल्या जंगलात काटेसावर काय कमी आहे? फेब्रुवारी-मार्चमध्ये पान नसलेल्या झाडावर लालभडक फुलं, मग बोंडं, आणि एप्रिलमध्ये बोंडं तडकून रेशमी कापूस वाऱ्यावर. आमच्या आज्यांच्या उशा याच कापसाच्या. तो हलका, मऊ, आणि पाण्याला चटकन दाद न देणारा. सावरीच्या नात्यातल्या कापोकचा कापूस एके काळी बोटींवरच्या जीवरक्षक जाकिटांत भरत असत. म्हणजे पात्रता सिद्ध होती. प्रश्न फक्त शिलाईचा.

शिंप्यानं पहिलं जाकीट शिवलं ते उशीच्या हिशेबानं. दोन कापडं, मध्ये कापूस, चारी बाजू बंद. थर्मलवाले ते घालून सकाळी तलावाकडे फिरायला गेले. परत येईपर्यंत सगळा कापूस खाली उतरला होता. छातीवर नुसतं कापड आणि कमरेला हा घेर. ओळखीच्या बायकांनी घरी चौकशी केली. दुसऱ्या खेपेला शिंप्यानं आडवे टाके घालून खण पाडले, कापूस खणाखणात बंद केला, आणि जाकिटाला एकदम रूप आलं. फक्त जिथं टाका तिथं थंडी आत येते, हे मोहर्लीच्या रस्त्यावर कळलं. त्यावर दोन अस्तरं एकमेकांवर सरकवून, एकाचा टाका दुसऱ्याच्या खणावर येईल अशी तिसरी आवृत्ती निघाली. ती खरोखर गरम आहे. तिचा एकच दोष. पिसांचं जाकीट पिशवीत कोंबलं आणि बाहेर काढून झटकलं की परत फुगतं. सावर एकदा दबली की रुसून बसते. त्यामुळे ते जाकीट प्रवासभर अंगावरच वागवावं लागतं, आणि इटारसी स्टेशनावर दुपारी ते अंगावर असलं की लोक जागा देतात.

हे सगळं होऊन गेल्यावर मला वाचनात जॉर्ज इंगल फिंच सापडले. १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेतले हे रसायनशास्त्रज्ञ. बाकीची इंग्रज मंडळी ट्वीड आणि लोकर अंगावर चढवून, सभ्य दिसत वर चालली होती. फिंचनी काय केलं, तर बलूनचं कापड घेतलं, त्यात आयडर नावाच्या समुद्री बदकाची मऊ पिसं भरली आणि गुडघ्यापर्यंतचा कोट शिवून घेतला. सोबत्यांनी भरपूर टिंगल केली. वर थंडी सुरू झाली तेव्हा टिंगल थांबली आणि त्या कोटाकडे पाहण्याची नजर बदलली. त्याच मोहिमेत फिंच आणि जेफ्री ब्रूस प्राणवायूच्या नळकांड्या पाठीवर घेऊन सुमारे ८,३०० मीटरपर्यंत पोचले. तोवर एवढ्या उंचीवर कोणीच गेलं नव्हतं. १९२४च्या मोहिमेत मात्र त्यांना घेतलं नाही. आज जगात जो कोणी पिसांचं जाकीट घालतो तो फिंचच्या त्या कोटाचा वारसदार.

आणि पुढची गोष्ट वाचून तर मी खुर्चीत सरळ बसलो. हेच फिंच १९५२ ते १९५७ पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. पिसांच्या कोटाचा जनक पाषाण रस्त्यावर पाच वर्षं नांदला आणि महाराष्ट्रात त्याचं नाव गिर्यारोहकांशिवाय फारसं कोणाला ठाऊक नाही! पुण्यात त्यांनी तो कोट बाहेर काढला असेल असं वाटत नाही. पण पुण्याच्या थंडीची खासियत कोणी ना कोणी पुणेकरानं त्यांना समजावून सांगितलीच असणार. थर्मलवाल्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे हसणारे सगळीकडे असतात."

हसणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर बांबूच्या खडावांचं सांगतो. भुसभुशीत बर्फात बूट गुडघ्यापर्यंत रुततो. त्यावर उपाय म्हणून पायाखाली रुंद जाळीदार पाटे बांधतात. वजन चौपट जागेवर पसरलं की पाय वरच राहतो. बाजारात ते प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे मिळतात. पण चंद्रपूर-गडचिरोलीत राहून विणायची वस्तू बाहेरून मागवणं म्हणजे बांबूचा अपमान. चिचपल्लीला बांबूचं प्रशिक्षण केंद्र, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं आपल्या जंगलातल्या बांबूवरचा हक्क कायद्यानं मिळवून देशाला वाट दाखवलेली, आणि गावोगावी सूप-टोपल्या विणणारे बुरड. आम्ही एका बुरडदादांकडे कागदावरचं चित्र घेऊन गेलो.

त्यांनी चित्र आडवं पाहिलं, उभं पाहिलं. "हे कोणाच्या पायात घालाचं हाय जी? हत्तीच्या?"

प्रश्न अगदीच हवेतला नव्हता. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला तेव्हापासून हत्ती हा आमच्याकडे रोजच्या बोलण्यातला विषय आहे. बर्फावर चालायचंय हे सांगितल्यावर त्यांनी दया आल्यागत आमच्याकडे पाहिलं, पण काम मन लावून केलं. ओला बांबू नको, आतलं पाणी गारठलं तर चीर जाईल, हे त्यांचंच डोकं. पिकलेला बांबू चिरून, जाळावर शेकून वाकवला, लांबट गोल चौकट केली, आत कामट्यांची घट्ट वीण, आणि पाय बांधायला सायकलच्या ट्यूबचे पट्टे. वस्तू देखणी झाली. भिंतीला टांगली तर कोणीही किंमत विचारील.

चाचणी कुठे घ्यायची? बर्फाच्या सर्वांत जवळचा पदार्थ आमच्याकडे एकच, चिखलणी केलेली बांधी. यालाही मोठी परंपरा आहे, हे मागाहून कळलं. जपानात बर्फासाठी लाकडाचे आणि वेलींचे कांजिकी नावाचे असेच पाटे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी खोल चिखलाच्या भातशेतीत रुतू नये म्हणून तागेता नावाच्या लाकडी खडावा केल्या. म्हणजे भात पिकवणाऱ्या माणसाला बर्फाची युक्ती परकी नाही. थर्मलवाले बांधीत उतरले. रुतले नाहीत! धुऱ्यावर टाळ्या झाल्या. मग त्यांनी पाय उचलायचा प्रयत्न केला. चिखल वरून सोडतो पण खालून धरतो, आणि जेवढा पाटा रुंद तेवढी त्याची पकड घट्ट. दोन गड्यांनी त्यांना खडावांसकट उपटून काढलं. खडावा मात्र शाबूत राहिल्या, हे बुरडदादांच्या हाताचं यश.

पुढे उत्तराखंडात, ताज्या बर्फावर त्याच खडावा सुरेख चालल्या. बर्फ चिखलासारखा धरून ठेवत नाही. सपाटीवर आणि बेताच्या चढावर थर्मलवाले तरंगत गेल्यासारखे गेले, आणि आम्ही मांडीपर्यंत रुतून त्यांच्याकडे पाहत राहिलो. आडव्या उताराला लागल्यावर मात्र त्या घसरल्या, कारण खाली दात नाहीत. तिथल्या वाटाड्यानं त्या हातात घेऊन निरखल्या, वीण दाबून पाहिली आणि "बढ़िया चीज़ है, बस काँटे लगा दो" एवढाच अभिप्राय दिला. परत आल्यावर बुरडदादांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग अगुदरच सांगाचं ना, खालून खिळे मारून देलो असतो."

पोटऱ्यांना बांधायच्या पट्ट्यांबद्दल, ज्यांना गेटर म्हणतात, फार लिहीत नाही. बर्फ बुटात जाऊ नये म्हणून त्या असतात. आमच्याकडे त्या हिवाळ्यातल्या गवताची कुसळं आणि गोचिड अडवतात. वर्षभर कामी येणारी बर्फाची ही एकच वस्तू, बाकी सगळं अकरा महिने माळ्यावर. आणि माळ्यावर काय होतं ते सांगायला हवं. मे महिन्यात पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टी. बुटाच्या तळव्याचा गोंद त्या तापानं सुटतो, पावसाळ्यातल्या दमट हवेनं काही तळव्यांचा भुगा होतो, आणि डिसेंबरात बाहेर काढलेला बूट दिसायला कोरा असूनही सांकरीच्या पहिल्या चढावर तोंड उघडतो. आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांनी अख्खा ट्रेक बुटाला दोरी बांधून केला.

हे सगळं पाहता पाहता माझं एक मत बनलं, आणि आता ते पक्कं झालंय. चांद्याच्या माणसाला बर्फाची तयारी वेगळी शिकावी लागत नाही, ती त्याची दर मे महिन्यात होते. भर दुपारी जटपुरा गेटापाशी उभं राहून स्कूटरवरून जाणाऱ्या मुली पाहा. कोपरापर्यंत हातमोजे, डोक्यापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेला स्कार्फ, डोळ्यांवर काळा चष्मा, वरून सनकोट. नाकाचा शेंडाही उघडा नाही. हातात बर्फाची कुऱ्हाड दिली तर पुढचा मुक्काम बेस कॅम्प. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ऊन वरून लागतं तसं खालूनही लागतं, हनुवटीखाली आणि नाकपुड्यांत कातडी भाजते. नवशिक्या ट्रेकरला हे कळेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. आमच्या मुलींना ते डांबरी रस्त्यानं केव्हाच शिकवलेलं असतं.

तेंदूपत्ता तोडायला जाणारी माणसं पाहा. अंधारात निघतात आणि ऊन चढायच्या आत बिंडे घेऊन घरी असतात. पर्वतारोहकही मध्यरात्रीनंतर निघतात आणि सूर्यानं बर्फ मऊ करायच्या आत उतरायला लागतात. दोघांनाही सूर्याशी वाद घालण्यात अर्थ वाटत नाही. तहान लागायच्या आत पाणी प्यायचं, हा नियमही दोन्हीकडे तोच. फक्त तिकडे बाटलीतलं पाणी गोठतं आणि इकडे चहा करता येईल इतकं तापतं. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवायचा कांदा तेवढा आमचा खास. थर्मलवाल्यांच्या आईनं केदारकंठाला निघताना सवयीनं त्यांच्या खिशात कांदा टाकला होता. माथ्यावर तो निघाला, दगडासारखा टणक, आणि खाली तंबूत खिचडीत गेला.

माझ्या या मताला पुरावा मागाल तर तो एव्हरेस्टच्या माथ्यावर आहे. मिशन शौर्य या उपक्रमात चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती, देवाडा, बोर्डा इथल्या आश्रमशाळांमधली आदिवासी मुलं-मुली निवडली गेली. भोनगीरचा खडक, दार्जिलिंग, लडाख अशी त्यांची तालीम झाली, आणि मे २०१८ मध्ये, इकडे कूलर रात्रभर घरघरत असताना, मनीषा धुर्वेसह त्यांच्यातले पाच जण ८,८४८ मीटरवर उभे राहिले. माणिकगडच्या डोंगरात रानवाटा तुडवलेल्या पायांत तिहेरी थरांचे बूट, त्यांखाली लोखंडी दाते, अंगात डोक्यापासून पायापर्यंत पिसांचा पोशाख. त्यांनी ना जिप्सीत मोजे पारखले होते, ना बांधीत खडावा. दिलेलं सामान घातलं आणि चालले. थर्मलवाल्यांचा मोठा प्रयोग या मुलांनी निम्म्यावर आणून ठेवला, असं मी म्हटलं तर ते रागावले नाहीत. "सामान निम्मंच असतं जी, बाकीचं अर्धं आत असाव लागते," म्हणाले.

एवढ्या पोशाखाच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोलीतलं हेमलकसा. १९७३ पासून तिथं काम करणारे डॉ. प्रकाश आमटे भोवतालच्या माडियांच्या अंगावर पुरेसे कपडे नाहीत हे पाहून बनियन आणि अर्ध्या चड्डीवर आले, आणि थंडीतही त्यावरच राहिले. डिसेंबरच्या पहाटे भामरागडकडे शेकोटी सोडवत नाही. त्यांचा हा प्रयोग करून पाहायला आमच्या गटातून अजून कोणी पुढे आलेलं नाही.

तेव्हा यंदा कोणी बर्फात जायचं म्हणत असेल, तर एवढं करा. मोठं जाकीट, गेटर, लोखंडी दाते, काठ्या हे सगळं सांकरीच्या बाजारात भाड्यानं मिळतं, त्यासाठी चंद्रपुरात कर्ज काढू नका. माकडटोपी घरची न्या, तिच्या तोडीची वस्तू अजून कोणी काढलेली नाही. मोजे लोकरीचे आणि स्वतःचेच असू द्या. बूटही स्वतःचे घ्या, पण नोव्हेंबरातच, आणि माळ्यावर न ठेवता पलंगाखाली ठेवा. मग रोज सकाळी ते घालून, पाठीवर भरलेली पिशवी घेऊन, गोंडराजांच्या परकोटावर तासभर चाला. टाच लागली तर जटपुऱ्याहून रिक्षा मिळते, केदारकंठाहून मिळत नाही.